नदी उजव्या हाताला

४ जानेवारी, रविवार

पिशव्यांनासुद्धा खिडकी मिळाली होती. मला नाही.

आज धाकट्या जावेकडे जेवायला गेलो. हात धुवायच्या आधीच मागच्या वर्षीच्या सहलीचा विषय निघाला — नदीच्या रस्त्यानं समुद्रापर्यंत गेलो होतो ती. दीर हात पसरून सांगत होते, "आणि ते वळण! अख्खी नदी एकदम पायाशी." धाकटी म्हणाली, "आणि ते बगळे. किती होते हो ताई, शंभर तरी असतील ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला काय माहीत. मी भावोजींचं टक्कल पाहिलं." सगळे हसले. मीही हसले. घरी येईस्तोवर माझं हसू उतरलं होतं.

गाडीत बसायची आमची पद्धत ठरलेली. हे चालवणार. भावोजी पुढं, कारण त्यांचे पाय लांब. धाकटी मागं डावीकडे, कारण तिला गाडी लागते, वारा हवा. मागं उजवीकडे पिशव्या, सतरंजी, घडीच्या खुर्च्या. मी मधे. पाय त्या उंचवट्यावर, मांडीवर पाण्याचा कॅन. मोठी सून ना, मधला मान माझा! लग्न झाल्यापासून गाड्या बदलल्या, जागा बदलली नाही.

नदी डावीकडे होती म्हणे. डावीकडे मला धाकटीचा अंबाडा दिसत होता. येताना अंधार पडेल म्हणून हायवेनं आलो.

तर नदीच्या रस्त्यानं मी गेलेय असं घरात सगळे धरून चालतात. मी गेलेली नाही. माझा कॅन गेलाय.

परत जायचं. ह्या वेळी मी पुढं.

७ जानेवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं. हे कारखान्याच्या गोदामातून निवृत्त झालेत, पण अजून कुठलीही गोष्ट मागितली की 'कशासाठी' विचारल्याशिवाय देत नाहीत.

"तिथं काय आहे?"

"नदी."

"नदी आपल्या पुलाखालून रोज जाते."

"बस पुलावर असते तेवढीच दिसते. जांभई आली तर तीही नाही."

"त्या रस्त्याला नुसती वळणं आहेत गं. वळणांना पेट्रोल लागतं."

पेट्रोल हा आमच्याकडे सोवळ्यातला विषय. उतार लागला की हे इंजिन बंद करतात. गाडी आपली घरंगळत जाते आणि आत आम्ही सगळे गप्प, जसं कोणी आजारी माणूस झोपलंय. उतार सरला की पुन्हा किल्ली. काटकसर ह्या घरात मी आणली — साबणाची चिपटी, दोऱ्याची टोकं, सगळं — पण ही उताराची युक्ती ह्यांची स्वतःची. अभिमान आहे त्यांना तिचा.

मी म्हटलं, "पेट्रोल माझ्या शिलाईच्या पैशातून."

त्यावर 'कशासाठी' संपलं. पेपर वर गेला. पेपर वर गेला म्हणजे होकार नाही, पण नकारही नाही. पुढं जाऊ या.

९ जानेवारी, शुक्रवार

पंपावरून घडीचा नकाशा आणला. नदीचा रस्ता पट्टीनं मोजता येत नाही, सारखा वळतो. मग दोरा ओला केला आणि गळ्याचा आकार मोजते तसा रस्त्यावर बसवत नेला. काढून टेपावर धरला. हायवेच्या दुप्पट भरला!

ह्यांना आकडा सांगितला नाही.

मॅट्रिकला भूगोल माझा आवडता. नकाशावर बोट ठेवलं की अजून ते उचलवत नाही. होड्यांचा धक्का आहे. जुना लोखंडी पूल आहे. एका ठिकाणी रस्ता आणि पाणी इतके चिकटलेत की मधे छापायला जागा नाही. शेवटी दीपस्तंभ. मागच्या वर्षी ह्या सगळ्यावरून माझे पाय गेले, डोळे गेले नाहीत.

११ जानेवारी, रविवार

भावोजी आले होते. नकाशा दाखवला, बेत सांगितला. बेत आवडला त्यांना. पुढच्या जागेचं सांगितल्यावर आवडेनासा झाला.

"वहिनी, पुढं बसणाऱ्याला रस्ता सांगावा लागतो."

"मग हे माझ्या हातात काय आहे, लाटणं?"

"आणि माझे पाय?"

"गुडघे मागंही वाकतात, भावोजी. माझे वाकलेच ना इतकी वर्षं."

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं भांड्याचा आवाज नाही, काही नाही. पदर तोंडात घालून उभी होती.

भावोजी म्हणाले, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण मीही ह्याच घरात मुरलेय. मी म्हटलं, "बघाच."

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी पूजा करताना घंटा हातातच राहिली.

आई सांगायची, ज्याच्यापुढं हात जोडतो ते उजव्या हाताला ठेवून जावं. देऊळ असो, झाड असो, थोर माणूस असो. मी घरात केर काढतानासुद्धा देवाचा कोपरा डावा टाकत नाही, उलट फिरून येते. आणि नदीला आपण आई म्हणतो, तिच्यापुढं हात जोडतो, आणि मागच्या वर्षी अख्खा रस्ता तिला डावी टाकून गेलो! त्यानंतर धाकटीचं कानातलं हरवलं, भावोजींची हवी ती बदली होता होता राहिली, ह्यांची दाढ काढावी लागली. मी काही म्हणत नाही. पण झालं.

संध्याकाळी पुजाऱ्यांना विचारलं. म्हणाले, "बाई, भाव महत्त्वाचा." असं म्हणणाऱ्यानं स्वतः मात्र कधी गाभाऱ्याला डावीकडून वळसा घातलेला मी पाहिलेला नाही.

जाताना नदी डावीकडे पडते. म्हणजे उलटं केलं पाहिजे. आधी हायवेनं थेट समुद्राशी, आणि येताना नदीकाठानं वर. मग ती सबंध रस्ताभर उजव्या हाताला. दुपारी निघालो तर ऊन पाठीशी, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही. दोनदा तपासलं. बरोबर आहे.

१८ जानेवारी, रविवार

सगळ्यांसमोर नवा बेत मांडला.

भावोजी म्हणाले, "हा द्राविडी प्राणायाम कशाला?" पण उन्हाचं ऐकून गप्प बसले. ऊन त्यांना पटतं. मग नकाशा फिरवून फिरवून पाहिला, आणि एकदम हसायला लागले.

"वहिनी, नदी उजवीकडे. तुम्हाला पुढं बसायचंय. पुढची सीट डावीकडे! तुम्हाला डोंगराची भिंत दिसणार आणि उजवीकडे दादाचा कान."

खरंच की. माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतका दोरा भिजवला, ऊन काढलं, आणि मी स्वतः कुठं बसणार तेच विसरले. हात दाखवून अवलक्षण.

धाकटीनं माया केली. "ताई, तुम्ही मागं उजवीकडे बसा ना. पिशव्या मी मांडीवर घेते. मला काय, वारा कुठूनही लागतो." चांगली आहे ती. सोपा मार्ग होता. ह्यांनी लगेच मान डोलावली, भावोजींनी पाय लांब केले, सगळ्यांना वाटलं मिटलं.

मी म्हटलं, "मागं बसणार नाही."

"अगं, पण खिडकी मिळतेय."

"मागची."

हे म्हणाले, "मग काय आता गाडी चालवतेस?"

सगळे हसले. मी भांडी आवरली.

१९ जानेवारी, सोमवार

चालवते.

काल रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला. पडल्या पडल्या झोप लागली. सकाळी उठले तर ठरलेलं होतं. नदी उजवीकडे हवी आणि पुढं बसायचं, तर गाडीत अशी एकच जागा आहे. त्या जागेपुढं चाक आहे, त्याला मी काय करू?

देवाशी खोटं बोलत नाही म्हणून हेही लिहिते. देवाचं नाव पुढं करून मी खिडकी मागतेय का? मागतेय. त्याला चालेल. त्याच्या नावावर लोक ह्याहून मोठमोठ्या गोष्टी मागतात.

२१ जानेवारी, बुधवार

मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. फी आधीच मागितली. मला पाहिल्यावर दर वाढवला की काय देव जाणे. घासाघीस केली, समोरचं दिसायला लागणारी उशी आपली आणायची ह्या अटीवर कमी केला.

ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. घास हातात राहिला. "ह्या वयात?" मी म्हटलं, "वय गाडीला विचारतात, बाईला नाही. आपल्या गाडीचं किती झालं?"

मुलाचा फोन आला. बापानं कळवलं असणार. "आई, कशाला त्रास? त्या रस्त्याचे व्हिडिओ आहेत, पाठवू? घरबसल्या बघ." मी म्हटलं, "जेवणाचा व्हिडिओ पाठवते तुला. पोट भरलं की कळव."

२८ जानेवारी, बुधवार

उशी घेऊन जाते, उशी घेऊन येते. गल्लीत सगळ्यांना वाटतं मी दवाखान्यात जाते.

शिकवणाऱ्याला मी ब्रेकमास्तर म्हणते. त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे. बोलतो कमी, पेपरमिंट चघळतो आणि ब्रेक दाबतो. मला वाटतं मी थांबवली, आणि बघते तर त्याचा पाय.

क्लच म्हणजे आमच्या सासूबाई. घाई केली की गाडी उडी मारते, उशीर केला की रुसून बंद. सासूबाईंना सांभाळलं त्या मानानं हा काही नाही. मास्तरला तसं म्हटलं तर पेपरमिंट घशात गेलं.

आज पहिल्यांदा तिसरा गिअर. कोणाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी दिवा लावताना हसू येत होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ब्रेकमास्तरनं आज एकदाही ब्रेक दाबला नाही. मी विचारलं, "मास्तर, पाय दुखतोय का?" म्हणाला, "नाही काकू. कंटाळा आला."

एवढं कौतुक माझं लग्नातही कोणी केलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज आपली गाडी घेतली. हे शेजारी बसले. बसले म्हणजे, दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून, पाय समोर रोवून. "गिअर. गिअर! अगं, आरसा. सायकलवाला. सायकलवाला दिसतोय का?" सायकलवाला इतका लांब होता की मला दिसत नव्हता.

परत येताना फाटकातून आत घेताना दार घासलं. हे उतरले आणि त्या ओरखड्यावरून हात फिरवत राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी तयार होते.

ह्यापुढं सराव मास्तरबरोबरच.

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटी एकटीच आली होती. आत येऊन हळूच म्हणाली, "ताई, मला एकदा बसवाल शेजारी? ह्यांना सांगू नका." सराव मास्तरबरोबरच म्हटलं होतं, ते मोडून देवळापर्यंत नेलं. तिला गाडी लागली नाही! म्हणाली, "तुम्ही चालवता तेव्हा पोटात ढवळत नाही." मी म्हटलं, "घाबरून बसलीस म्हणून." म्हणाली, "नाही, पुढं बसले म्हणून."

दोघी बराच वेळ गाडीतच बसून राहिलो. देवाला उशीर झाला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नापास.

सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील. परीक्षेचे साहेब शेजारी, मास्तर मागं. सुरू केली, वळवली, आरसा पाहिला, मागं घेतली, दोन खांबांच्या मधे बरोबर उभी केली. साहेब कागदावर खुणा करत होते, चेहरा चांगला होता. शेवटी म्हणाले, पाण्याच्या टाकीवरून खाली घ्या. तो उतार. मास्तरनं मला सगळीकडे नेलं होतं, तिथं नव्हतं नेलं.

उतार लागला आणि माझा हात आपोआप किल्लीवर गेला. इंजिन बंद. शांत. आमच्या घरच्यासारखं अगदी.

साहेब म्हणाले, "हे काय केलंत?"

"उतार आहे ना."

"मग?"

"पेट्रोल वाचतं."

चाक एकदम जड झालं. ब्रेकवर पाय दिला तर दगडावर दिल्यासारखा. साहेबांनी हातब्रेक ओढला. मागं मास्तरनं तोंडावर हात घेतला होता, आरशात दिसलं. आरसा बघायला मी शिकलेय.

"कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

घरच्या माणसाचं नाव घेत नाहीत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांनी काल काही विचारलं नाही. आज सकाळी चहाला म्हणाले, "कशात राहिलीस?"

सांगितलं.

"त्यात चूक काय? मी तीस वर्षं —"

"म्हणजे तुम्हीही तीस वर्षं नापास."

चहा अर्धा टाकून उठले. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. पण जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझ्या स्वतःच्या चुकीनं नापास झाले असते तर निदान ती माझी असती.

भावोजींचा फोन ह्यांना आला, पण आवाज इतका मोठा की मला ऐकू आला. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही रे दादा, अंगणालाच उतार!" आणि हसू. हे हसले नाहीत. म्हणाले, "ठेव."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

भाजीला गाडीनं गेलो. हे चालवत होते. बाजाराचा उतार आला. ह्यांचा हात किल्लीकडे गेला, आणि परत चाकावर आला. इंजिन चालूच. उतार संपेपर्यंत चेहरा असा, जसं कोणी समोरासमोर खिसा कापतंय आणि बोलायची सोय नाही.

मी भाजीची एक जुडी जास्त घेतली.

१ मार्च, रविवार

भावोजींना चौदा तारखेची सुटी मिळाली. त्यानंतर त्यांच्या ऑफिसात वर्षअखेर, मग ऊन, मग पाऊस. म्हणजे चौदा नाहीतर पुढच्या वर्षावर गेलं. आणि पुढच्या वर्षी गाडी राहील का, हा प्रश्नच आहे. हे तिला विकायची भाषा करतात.

बैठक बसली. भावोजी म्हणाले, "एक करू. वहिनींची फेरपरीक्षा दहाला. पास झाल्या, तर येताना नदीचा रस्ता, चाक त्यांच्या हातात, मी तोंडातून ब्र काढणार नाही. नापास झाल्या, तर हायवेनं जायचं, हायवेनं यायचं, मी पुढं. कबूल?"

ह्यांना विचारलं नव्हतं, पण हे म्हणाले, "कबूल."

मी म्हटलं, "आणि नापास झाले तर मी घरी बसेन. मधे बसायला कोणीतरी दुसरं बघा."

धाकटी म्हणाली, "ताई नाही तर मीही नाही."

भावोजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं टेबलानंच बोलायला सुरुवात केलीय.

५ मार्च, गुरुवार

पाण्याच्या टाकीचा उतार. वर, खाली. वर, खाली. मास्तर म्हणाला, "काकू, किल्लीला हात लावलात तर मी उडी मारेन." हात लागला नाही. दोनदा बोटं वळवळली तेवढीच.

देवाला सांगितलं, पास कर असं मी मागत नाही. फक्त माझा हात चाकावर राहू दे. एवढंच. तेवढं तुला जड नाही.

१० मार्च, मंगळवार

पास!

तेच साहेब. टाकीवरून उतरताना म्हणाले, "आज पेट्रोल वाचवायचं नाही वाटतं?" मी म्हटलं, "आज तुमचं आहे, जळू दे." हसले आणि सही केली.

मास्तरनं पेपरमिंटची अख्खी पुडी दिली. उशी परत घ्यायला विसरले. राहू दे तिथं, पुढच्या बाईला होईल.

घरी आले तर हे दारात उभे. विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळलं त्यांना. म्हणाले, "फाटक उघडून ठेवलंय. पूर्ण."

१२ मार्च, गुरुवार

तयारी. डबे, पाणी, सतरंजी. घडीच्या खुर्च्या ह्या वेळी टपावर बांधायच्या. मागच्या दोन्ही खिडक्या मोकळ्या. कॅन कोणाच्या मांडीवर नाही, डिकीत. तहान लागली की गाडी थांबेल. थांबवणारी मी आहे.

भावोजी मागं बसणार! पाय कुठं ठेवणार ते त्यांचं त्यांनी बघावं. धाकटी म्हणाली, "मी ह्यांना शिकवेन, मला सवय आहे."

१३ मार्च, शुक्रवार

हे दिवसभर गाडीभोवती. हवा तपासली, पाणी तपासलं, पुढची काच पुसली, मग आतून पुसली. संध्याकाळी म्हणाले, "असं कर. सुरुवातीला वळणं फार आहेत, तेवढं मी घेतो. सरळ पट्टा आला की तू."

"हायवे तुमचा. नदी माझी."

"अगं, काळजीनं म्हणतोय. एका बाजूला पाणी आहे. कठडा सगळीकडे नाही."

"माहीत आहे. नकाशात बघितलंय."

"नकाशात कठडा दिसत नाही."

खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून चाक देणार नाही. इतकी वर्षं ह्या माणसाच्या हातात चाक होतं आणि मी मागं डोळे मिटून बसायचे, वळण आलं की देवाचं नाव घ्यायचे, पण कधी म्हटलं नाही की उतरा, मला काळजी वाटते. आता त्यांनी घ्यावं देवाचं नाव. चांगलंच आहे, एरवी घेत नाहीत.

तसंच सांगितलं त्यांना. त्यावर म्हणाले, "चष्मा पुसून ठेव तुझा."

पुसून ठेवला. दिवा लावला. उद्या.

१४ मार्च, शनिवार. दुपार

नदीच्या काठी, दगडावर बसून लिहितेय. गाडी वर रस्त्यावर.

दीपस्तंभापासून इथवर मी आणली. एकदाही बंद पडली नाही. नदी सबंध वेळ उजव्या हाताला, हात बाहेर काढला तर भिजेल इतकी जवळ. मला दिसली ती पांढरी रेघ. मैलाचे दगड. समोरून येणारा ट्रक. हे वळण, आणि ते संपायच्या आत पुढचं. मागून धाकटी सारखी म्हणत होती, "ताई, बघा, ताई, बघा ना," आणि मी म्हणत होते, "नंतर." भावोजींनीसुद्धा सगळी पाहिली, मागच्या खिडकीतून.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरले. तशीच खाली पाण्यापर्यंत आले.

थोड्या वेळानं हे खाली आले. शेजारच्या दगडावर बसले. पाण्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "कारखान्यात असल्यापासून ह्या रस्त्यानं मी चारदा गाडी आणली. अशी असते होय ही?"

वर भावोजी हॉर्न वाजवतायत. वाजवू देत.